बोटभर अंतर

३ सप्टेंबर

आज आणखी एका बाळाची अदलाबदल केली. या मालिकेतली ही तिसरी. पहिल्या वेळी निदान लाज वाटली होती. आता चहा पिता पिता उरकलं.

‘परक्याची चूल’ ही मालिका सगळं येरेवान जेवणाबरोबर गिळतं आणि ती मी लिहितो. माझी चार नाटकं रंगभूमीवर आली. आमच्या जिन्यातल्या एकाही माणसाला त्यातल्या एकाचंही नाव सांगता येणार नाही, पण कुठलं बाळ कुणाचं हे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. या लोकांसाठी मी आयुष्य घालवलं, हा विचार आला की शिसारी येते.

दुपारी वाहरामने बोलावलं. वाहराम आमचा निर्माता. बोटांनी बास्तुरमा, म्हणजे मसाला चोपडून वाळवलेलं मांस, खात होता आणि त्याच बोटांनी माझी पानं उलटत होता. घरी आणली तरी पानांना मेथी-लसणाचा वास येतोच आहे. पानं गॅलरीत वाळत टाकलीत.

“उस्ताद,” तो म्हणाला, “मुशेघ काकाला मारायचं.”

मुशेघ काका म्हणजे मालिकेतला शेजारचा म्हातारा. भांडणं मिटवतो, पोरींची लग्नं जुळवतो, दर भागात एक शहाणपणाचं वाक्य टाकतो. ते काम गेघाम करतो. गेघाम आणि मी नाट्यशाळेपासूनचे मित्र. लोक मालिका बघतात ती त्याच्यासाठी.

“का?” मी विचारलं.

“भाव खातो फार. लग्न असलं की शूटिंग टाकून पळतो. आणि हिवाळा येतोय, लोकांना रडायला काहीतरी हवं.” मग बोटं पडद्याला पुसत म्हणाला, “तुमचं ते पाणीवाल्याचं नाटक माझा मेव्हणा वाचतोय. आवडलंय त्याला. वसंतात लावू म्हणतो. गेघाम रिकामा झाला तर मोठं काम त्यालाच द्या की!”

त्याचा मेव्हणा थिएटरचा प्रमुख आहे. ‘पाण्याचा राखणदार’ मी लिहिलं तेच गेघामसाठी. बारा वर्षं कपाटात पडलंय.

वाहरामला म्हटलं, विचार करतो. लिफ्ट खाली पोचेपर्यंत विचार झालाही होता. पण असल्या माणसाला ताबडतोब हो म्हणायचं नसतं.

८ सप्टेंबर

एका लग्नाला जावं लागलं. प्लॅस्टरचे सिंह, भिंतीवरून वाहणारा खोटा धबधबा, मेजावर मांसाचे ढीग, त्या ढिगांवर आणखी ढीग. माझ्या शेजारच्या माणसाने दाढेत अडकलेलं काढायला काटा वापरला आणि त्याच काट्याने मला कबाब वाढला.

गेघाम तमादा होता. शहरातल्या निम्म्या लग्नांत हल्ली मेजाच्या डोक्याशी तोच बसतो. कुणाच्या नावाने ग्लास उचलायचा, कधी हसायचं, कधी गप्प व्हायचं, सगळं त्याच्या हातात. लोक त्याला गेघाम म्हणतच नाहीत. “मुशेघ काका, आमच्या नातवाला आशीर्वाद द्या!” “मुशेघ काका, इकडे बघा, फोटो!”

मध्येच त्याने बँड थांबवला. उभा राहिला आणि नवऱ्यामुलाच्या दिवंगत आजोबांबद्दल चार वाक्यं बोलला. चारच. तो या माणसाला कधी भेटलाही नव्हता. सगळे उठले, ग्लास उचलले आणि कुणाचाही ग्लास कुणाच्या ग्लासला लागला नाही. मेलेल्याच्या नावाने ग्लास भिडवत नाहीत, आणि एवढ्या दारू प्यायलेल्या मेजावर एकाही हाताने चूक केली नाही. आजीबाई रडली. मग त्याने लगेच होणाऱ्या बाळांच्या नावाने ग्लास उचलायला लावला आणि सगळीकडे नुसता खणखणाट. मान्य करायला जिवावर येतं, पण हे त्याच्यासारखं कुणाला जमत नाही.

नंतर बाहेर सिगरेट ओढताना म्हणाला, “नोरो, खरं सांगू का? स्टेजवर मला इतकं कुणी कधी ऐकलं नाही. बायको गेली तेव्हा या मेजांनीच मला उभं ठेवलं. इथून उठलो ना, तर मग मी कोण रे?”

या तोडीचा नट आणि पुलाव कोंबलेल्या तोंडांत धन्यता मानतो! याला यातून बाहेर काढलंच पाहिजे. वाहरामचं काही बोललो नाही. तिथे गोंगाट फार होता.

२० सप्टेंबर

मुशेघ काकाला मारलं.

चांगलं मारलं. किती वर्षांनी हाताला लिहिण्याचा घाम आला. हॉस्पिटल नाही, गोळीबार नाही, शेवटच्या श्वासाबरोबर बाहेर पडणारं रहस्य नाही. सकाळी उठत नाही, एवढंच. मग मरणाचं घर, जसं असतं तसं. जिन्याच्या दाराशी टेकवून ठेवलेलं शवपेटीचं झाकण. पेटीभोवती बसलेल्या बायका. अंगणात खांद्यावर पेटी तीन वेळा फिरवणं. मग पुरून आल्यावरचं मेज. या सगळ्या कचऱ्यात एक तरी गोष्ट खरी असू दे.

शुशानिकने वाचलं. माझी बायको संगीतशाळेत पियानो शिकवते. वाईट वाजवलेलं ऐकून ऐकून चेहरा कोरा ठेवायची तिला सवय आहे.

“छान आहे,” ती म्हणाली. “त्याला सांगितलंस?”

“संहिता जाईलच त्याच्याकडे.”

“आणि हे अंगण कुठलं?”

“त्याच्याच बिल्डिंगचं. वाहरामला फुकटात मिळतंय.”

तिने पानं नीट जुळवून माझ्यापुढे ठेवली आणि वांगी भाजायला गेली. कौतुक करायचं तर धड करावं माणसाने.

५ ऑक्टोबर

शूटिंग झालं. घरी येऊन आधी अंघोळ केली.

गेघाम वेळेवर आला. “चांगलं लिहिलंयस,” एवढंच म्हणाला. मग मला बाजूला घेतलं. “एक ऐक. झाकण माझ्या दाराशी नको ठेवू. दुसऱ्या जिन्याशी ठेव. आघावनी रोज तिथूनच जाते-येते.” आघावनी त्याची विधवा बहीण. ती आणि तिचा मुलगा त्याच्याकडेच राहतात.

मी त्याला समजावलं की त्या झाकणातच सगळं आहे. कॅमेरा त्याची खिडकी दाखवतो आणि तिथून खाली येतो. दुसरा जिना घेतला तर ते खोटं दिसेल. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवले आणि जाऊन पेटीत झोपला.

किळसवाणा दिवस. पेटीला ओल्या वार्निशचा वास. रंगभूषेच्या बाईने त्याचे गाल मेणासारखे केले आणि उरलेला रंग स्वतःच्या ॲप्रनला पुसला. वाहराम पेटीच्या उशाशी उभा राहून सूर्यफुलाच्या बिया खात होता आणि टरफलं तिथेच थुंकत होता. मेजाचा प्रसंग सुरू झाला तर तरुण नटांनी सवयीने ग्लास भिडवले. शॉट वाया. मी ओरडलो, “मेलेल्याच्या नावाने पिताय, लग्नात नाही! जवळ न्या आणि थांबा. बोटभर अंतर!” एकेकाचा हात धरून शिकवावं लागलं. आपली माणसं पुरायलाही विसरणार आता.

बिल्डिंगमधले खरे शेजारी खाली उतरले आणि खरंच रडायला लागले. एका म्हातारीने कार्नेशनची दोन फुलं आणून पेटीवर ठेवली. दोन, सम संख्या, मेलेल्याला देतात तशी. गेघाम तिच्याशी रोज सकाळी बोलतो. त्याचा एक डोळा उघडा होता, त्याने तो मिटला.

आघावनी वर खिडकीत होती. पेटी फिरवायला लागल्यावर तिने पडदा ओढला. उत्तम हालचाल. कुठेतरी वापरायला हवी.

२ डिसेंबर

काल तो भाग दाखवला. आज शहराला वेड लागलंय.

कोपऱ्यावरच्या बेकरीत हायकानूश लावाश, म्हणजे पातळ रोट्या, भाजते. पंचवीस वर्षं मी तिच्याकडून घेतो. मला बघताच तिने ॲप्रनने डोळे पुसले. “देव त्याच्या आत्म्याला उजेड देवो.”

“अहो बाई, तो जिवंत आहे! परवा माझ्याकडे जेवून गेला!”

“असू दे जिवंत. तुम्ही त्याला माझ्या घरात मारलंत, माझी नातवंडं समोर बसलेली असताना. लावाश संपला.”

तिच्या मागे लावाशची थप्पी तिच्या कमरेइतकी होती.

असल्या अडाणी प्रेक्षकांची किळस येते आणि तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. साहित्याच्या साप्ताहिकात आज चार ओळी आल्यात. “या प्रसंगामागे नाटककाराचा हात आहे,” असं लिहिलंय. नाटककाराचा. कात्रण इथेच ठेवलंय. शुशानिकला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, गेघामचा उल्लेख आहे का? नाही, नाहीये. चार ओळींत काय काय मावणार!

१८ डिसेंबर

गेघाम आला होता. लोणच्याची बरणी घेऊन आला, आघावनीने पाठवलेली. खुर्चीच्या काठावर बसला आणि गोष्टी सांगायला लागला. तो सांगतो तेव्हा वाईट गोष्टही हसवते.

हिवाळ्यात ठरलेली लग्नं हातची गेली. एका नवरीच्या आजीने निरोप पाठवला, “ज्याची पेटी अंगणात फिरवलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली, त्याला मेजाच्या डोक्याशी बसवून पोरीचा संसार सुरू करायचा का? त्याला काही म्हणणं नाही आमचं. चांगला माणूस होता.”

“‘होता’ म्हणाली!” गेघामने मांडीवर थाप मारली. “दुसऱ्यांकडे तर मी गेलो, दारात उभा राहिलो. नवऱ्यामुलाची आई किंचाळली. मग तिनेच मला पाणी दिलं, बिचारीने. पण आत घेतलं नाही.”

मी संतापलो. दर कोपऱ्यावर विद्यापीठ असलेलं हे शहर! हातात फोन आणि डोक्यात भुतं! त्याला म्हटलं, ही ब्याद गेली हे उत्तम झालं, आता नाटकाकडे लक्ष दे.

“नाटक करीनच रे,” तो म्हणाला. “पण मला परत आण. मुशेघ रशियात भावाकडे गेला होता म्हण. पेटीत दुसराच होता म्हण. एवढी बाळं बदलतोस, एक प्रेत बदलायला तुझं काय जातंय?”

शुशानिक खळखळून हसली. तो हसत नव्हता. बरणीच्या झाकणावरून बोट फिरवत बसला होता.

“एकदाच दारातून आत येऊ दे मला, नोरो. लोकांनी बघितलं की बास. वसंतात आघावनीच्या पोराचं लग्न आहे. मी मामा आहे त्याचा.”

वाहरामशी बोलतो म्हटलं.

१ जानेवारी

पाहुणे. डुकराची मांडी. पाहुणे. पुन्हा तीच मांडी. ओकारी.

१२ जानेवारी

वाहरामने स्वतःच विषय काढला. त्याचा चेहरा पडलेला होता. बघणारे कमी झालेत. “उस्ताद, चूक झाली. उठवा काकांना! तुम्ही म्हणाल तसं उठवू. तुमचा शब्द शेवटचा.”

मी खुर्चीतून उठलो. म्हटलं, “मेलेला माणूस मेलेला असतो.”

त्या घाणेरड्या खोलीत मी पहिल्यांदाच नाटककारासारखा बोललो. या मालिकेत एकच खरी गोष्ट लिहिली, तीही पुसायची? पेटीत दुसराच होता म्हणे! साप्ताहिकवाले काय म्हणतील? शिवाय पुढच्या महिन्यात तालमी. गेघाम पुन्हा शूटिंगला आणि लग्नांना लागला की ‘राखणदारा’चं वाटोळं. मी हे त्याच्या भल्यासाठीच करतोय.

“तुमची मर्जी,” वाहराम म्हणाला आणि ढेकर दिली.

गेघामला फोन केला. सांगितलं, वाहराम ऐकत नाही.

त्याने विचारलं, “तू मनापासून बोललास ना त्याच्याशी?”

“बोललो.”

“मग ठीक. तू बोलला असशील तर दुसरं कोण काय करणार!” मग त्याने माझे आभार मानले.

नटाला सगळं सांगायचं नसतं. त्यांची मनं नाजूक असतात. शुशानिक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. दिवसभर पियानो वाजवला नाही.

२२ फेब्रुवारी

तालमी उत्तम. गेघाम सगळ्यांच्या आधी येतो. संवादातला शब्दही बदलत नाही, विनोद करत नाही, मधल्या सुट्टीत खिडकीशी एकटा उभा असतो. बारीक झालाय. भूमिकेला फार शोभतं. नाटकातला म्हातारा गावाच्या पाण्यावर रात्रंदिवस पहारा देतो आणि शेवटी गाव त्याला घोटभर पाणी देत नाही. मी लिहिलं तेव्हा हा शेवट जरा ओढूनताणून वाटायचा. गेघाम करतो तेव्हा अजिबात वाटत नाही. मी शिकवलेल्या जागा त्याने चांगल्या पकडल्यात.

१९ एप्रिल

ईस्टर झाला, लग्नांचा हंगाम सुरू. आज आघावनीच्या मुलाचं लग्न.

नवरीकडच्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मामाने मेजाच्या डोक्याशी बसू नये. नवरी आत येईपर्यंत समोरही येऊ नये. मुलगा भांडायला निघाला होता. गेघामनेच त्याला गप्प केलं म्हणे, “तुझ्या लग्नात मी भांडणाचं कारण होणार नाही.” नवरी आल्यावर तो मागच्या दाराने आला आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर, वाढप्यांच्या येण्याजाण्यात बसला. तमादा कुणीतरी भाड्याचा, टाय लावलेला बोकड. मेलेल्यांची नावं कागदावरून वाचून दाखवली त्याने!

मग कुणीतरी म्हणालं, मामाच्या नावाने! सगळे उठले. गेघामसमोर बसलेल्या एका म्हाताऱ्याने ग्लास त्याच्या ग्लासजवळ नेला आणि थांबवला. सवयीने. बोटभर अंतरावर. मग एकदम भानावर आला, लालबुंद झाला आणि इतक्या जोरात समोरच्या ग्लासवर ग्लास आपटला की गेघामच्या शर्टावर वाइन सांडली.

त्या म्हाताऱ्याचा चेहरा, ती ओशाळलेली बोटं, बाजूला हळूच क्रूसाची खूण करणाऱ्या बायका, सगळ्याचा इतका तिटकारा आला की मी ताट सरकवलं. गेघाम ग्लासकडे बघत होता. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, “हे लोक तुझ्या लायकीचे नव्हतेच.”

“माझी माणसं आहेत ही, नोरो,” तो म्हणाला. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. त्याने पुन्हा सांगितलं नाही.

१५ मे

काल ‘पाण्याचा राखणदार’चा पहिला प्रयोग झाला. आता सकाळ आहे. आठवतंय तोवर सगळं लिहून काढतो.

थिएटर भरलं होतं. पडदा वर गेला, गेघाम खांद्यावर फावडं घेऊन आला आणि तिसऱ्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, “अरे देवा, हा तर मुशेघ काका! उजेड लाभो त्याला!” काही हसले. मला वाटलं, उठावं आणि तिला दंडाला धरून बाहेर काढावं. गेघाम थांबला. ते हसणं पूर्ण संपू दिलं. मग पहिलं वाक्य बोलला. त्यानंतर दोन तास कुणी खोकलंही नाही.

शेवटी सगळे उभे राहिले. मला स्टेजवर बोलावलं. बारा वर्षांनी. साप्ताहिकवाला माझा हात सोडेना.

नंतर थिएटरच्या तळघरात मेज. वाहरामचा मेव्हणा तमादा. वाहराम नेहमीसारखा ओठांना चरबी लावून, सगळ्यांच्या गळ्यात पडत होता. गेघामच्या खांद्यावर हात टाकून ओरडला, “काय काम केलंस रे! आणि मी तुला जानेवारीतच उठवणार होतो मालिकेत! विचार उस्तादांना! मीच मागे लागलो, उठवा म्हटलं. हेच म्हणाले, मेलेला माणूस मेलेला असतो! काय वाक्य! मी सगळ्यांना सांगतो हे वाक्य!”

सगळे हसले. गेघामही हसला. माझ्याकडे बघितलं नाही. हातातला लावाश त्याने नीट घडी करून ताटात ठेवला.

थोड्या वेळाने तो उठला आणि तमादाची परवानगी मागितली. लेखकाच्या नावाने, म्हणाला. असं बोलला, असं बोलला की मला वाटलं, हे कुणीतरी लिहून घेतलं पाहिजे. आम्ही दोघं नाट्यशाळेच्या गच्चीवर झोपायचो ते सांगितलं. माझ्याकडे एकच कोट होता आणि तो मी त्याला परीक्षेला दिला होता, ते सांगितलं. “त्याला प्रत्येक गोष्ट खरी हवी असायची,” म्हणाला. “मी त्याच्यावर फार प्रेम केलं. असा मित्र मला पुन्हा मिळणार नाही.” बायका डोळे पुसत होत्या. सगळे ग्लास खणखणले, माझ्या ग्लासवर चारी बाजूंनी ग्लास येऊन आदळत होते.

गेघाम मेजाला वळसा घालून माझ्यापर्यंत आला. माझ्या डोळ्यांत बघितलं. ग्लास माझ्या ग्लासजवळ आणला, थांबवला, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग आघावनीचा कोट घेतला, तिच्या खांद्यावर घातला आणि दोघं निघून गेली.

गर्दी फार होती. मागून कुणीतरी त्याला ढकललंही असेल. दोन तास स्टेजवर उभा होता, हात थरथरत असणार. आणि त्याने भाषण केलं ते किती मायेने केलं! दमलेल्या माणसाच्या ग्लासवरून कुणी अर्थ काढत नाही. आपल्या लोकांचं हेच तर मला आवडत नाही, कशातही शकुन शोधतात. आज फोन करीन. नको, उद्या करीन, आज झोपू दे त्याला.

मघाशी शुशानिक कॉफी घेऊन आली. मी सहज विचारलं, “काल गेघामने ग्लास भिडवला ना माझ्याशी? तुझं लक्ष होतं का?”

तिने कप माझ्या वहीशेजारी ठेवला.

“सगळ्यांचं होतं,” ती म्हणाली.